पडलेलाच बोंडू

परवा पणजीतल्या एका बड्या हॉटेलात भाचीच्या साखरपुड्याला गेले होते. जेवणाच्या मेजावर जाड कागदाचं एक कार्ड ठेवलेलं. त्यात गोव्याच्या पेयांची ओळख करून दिली होती आणि फेणीच्या नावाखाली छापलं होतं, 'झाडावरून हळुवार हातांनी खुडलेल्या काजूफळांपासून.' मी मोठ्यानं हसले. भाचीच्या होणाऱ्या सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या ग्लासाकडे बघितलं. ग्लासात सोलकढी होती. पण आता त्यांना काय सांगणार, की हे वाक्य मुळगावच्या द्रौपदीकाकीनं वाचलं असतं तर ह्या हॉटेलची काही धडगत नव्हती!

काकी काजूची फेणी गाळायची. काजूच्या फळाला आमच्याकडे बोंडू म्हणतात. बोंडू पिकला की आपण होऊन झाडावरून पडतो, आणि पडलेला बोंडूच भाटीत, म्हणजे फेणी गाळायच्या भट्टीत, जायचा, हा तिचा कायदा. खुडायचा नाही, झोडपायचा नाही, फांदी हलवायचीसुद्धा नाही. बाकी सगळीकडे हा कायदा कधीच पातळ झाला होता. हिच्या डोंगराच्या उतारावर मात्र तो जसाच्या तसा होता आणि तो मोडायला आलेल्यांपैकी पहिली मी.

मी कारापूरची. बी.ए. होऊन दोन वर्षं घरी बसले, तेव्हा एका पर्यटन कंपनीनं मला गाईड म्हणून घेतलं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी परदेशात द्राक्षांच्या मळ्यांतून हिंडवणारी सहल बघितली होती. एका मळ्यात वाइन चाखायची, दुसऱ्यात जेवायचं, तिसऱ्यात गावकऱ्यांशी गप्पा मारायच्या. साहेब तिकडून आले ते डोक्यात 'काजूची वाट' घेऊनच. पेडण्याला काजू भाजण्याचा कारखाना, पुढे स्टीलच्या टाक्यांची एक नवी डिस्टिलरी, कारापूरला खतखतं आणि किसमुरीचं जेवण, आणि शेवटी एक 'अस्सल' जुनी भाटी. अस्सल हा शब्द साहेब दिवसातून वीस वेळा म्हणायचे. ती अस्सल भाटी शोधायचं काम माझ्यावर आलं.

मी गेले तेव्हा काकी घरामागच्या उतारावर दगडावर बसून बोंडवांच्या बिया पिळून वेगळ्या करत होती. साठीची असेल. काष्टा घातलेलं हिरवं लुगडं, अंबाड्यात मोगऱ्याचा वळेसर, कोपरापर्यंत रसानं चिकट झालेले हात. माझ्या हातातल्या फाइलीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"कोणाचा गो तू?"

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"म्हणजे कारापूरच्या दुकानदाराचा चेडू. बस. हात रिकामे कशाक ठेवलंस? पीळ."

दीड तास मी बिया पिळल्या. मग मी सहलीचं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लोक घेवन ये. माजा कायेक म्हणणा नाय. पण तेंच्यासाठी भाटी चलाची नाय. भाटी चलता तेवा तेनी येवचा." मला वाटलं, बाईनं होकार दिला. होकार दिला होता तो अर्ध्या वाक्यापुरता, हे कळायला माझा अख्खा हंगाम गेला.

तिचं माहेर पेडण्याचं. बोलणं म्हणून मालवणीच्या अंगानं जाणारं. मुळगावात चाळीस वर्षं काढूनही तिनं ते बदललं नाही. वडील तिकडे फेणी गाळायचे. गोवामुक्ती झाल्यावर दोनेक वर्षांनी तिचं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी सोनं दिलं नाही, तांब्याचं भाण दिलं. भाण म्हणजे भाटीवर चढवायचं मोठं पोटाचं भांडं. नवरी सासरी आली ती मांडीवर भाण घेऊन, आणि मुळगावच्या बायका तोंडाला पदर लावून महिनाभर हसल्या. "हसांदेत," काकी सांगायची. "सोना घेवन इलेल्यांचा सोना घोवांनी विकल्यानी. माजा भाण आजून तापता."

त्या भाणाला एका बाजूला मोठा पोचा होता, काकीच्या भाषेत पोक. फिरंगी राज्यात एकदा पाकले, म्हणजे गोरे शिपाई, झडतीला येताहेत असं कळल्यावर वडिलांनी भाण विहिरीत टाकलं होतं. ते आत दगडावर आपटून चेपलं. आमच्या साहेबांना तो पोक काही पसंत पडेना. फोटोत बरा दिसत नाही म्हणाले. कंपनीतर्फे नवं, चकचकीत भाण देण्याची तयारी त्यांनी दाखवली. काकीनं त्यांना बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्या बापाशीक पोक इलो तर तुमी बाप बदलशात?"

साहेबांनी तो विषय पुन्हा काढला नाही. आणि त्या दिवसापासून तिच्यासमोर अस्सल हा शब्दही त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

गंमत म्हणजे ही बाई स्वतः थेंबभर घ्यायची नाही. फेणी उतरली की नारळाच्या करवंटीत बारीक धार धरायची आणि वर येणारे बुडबुडे बघायची. ते किती वेळ टिकतात, किती बारीक आहेत, कसे फुटतात, यावरून माल कसा जमला ते ती सांगायची, आणि तिचं कधी चुकलं नाही. एकदा आमच्या बसमधून वाइनचे एक जाणकार आले होते. त्यांनी हुर्राक, म्हणजे पहिल्या उताराची हलकी दारू, नाकाशी नेऊन पाच मिनिटं डोळे मिटले. मग माझ्यामार्फत विचारलं, "ज्याची चव कधी घेतली नाही ते तुम्ही चांगलं कसं करता?"

"तेंका इचार," काकी म्हणाली, "वैजीण अख्ख्या गावाची बाळंतपणा करता, ती काय दर वर्सा सोता बाळंत होता?"

मी जमेल तसं भाषांतर केलं. बसमधल्या बायका आधी हसल्या, पुरुषांना जरा वेळ लागला. जाणकारांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि नंतर दोन बाटल्या मागितल्या. काकीनं दिल्या नाहीत. हंगामाची पहिली फेणी राखणदाराची, म्हणजे डोंगर राखणाऱ्या देवाची. डोंगराच्या वेशीवर त्याची जागा होती, एक दगड आणि एक जुनं झाड. तिथं एक रोट, एक विडी आणि करवंटीभर फेणी ठेवल्याशिवाय तिच्या भाटीतला थेंब कुणाच्या घरी जात नसे. आणि राखणदाराचा वार होता दोन दिवसांनी. जाणकार बिचारे रिकाम्या हातानं विमानात बसले.

मी तिला म्हटलं, "काकी, राखणदाराला दोन दिवस आधी दिलं असतं तर काय झालं असतं?"

"तुज्या सायबाक पगार म्हयन्याच्या आदी दितत?" ती म्हणाली.

शिरगावच्या लईराईची जत्रा भर काजूच्या हंगामात येते. काकीचा नवरा धोंड होता, म्हणजे देवीचा व्रतस्थ भक्त. जत्रेआधीचे दिवस तो सोवळ्यात राहायचा, आणि तेवढे दिवस भाटीखालचा जाळ बंद. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती तरी जाळ बंदच राहायचा. मला हे माहीत नव्हतं. नेमक्या त्याच दिवसांत मी चाळीस माणसांची बस घेऊन थडकले. भाण उपडं घातलेलं, चुलीत राखसुद्धा नाही, आणि काकी अंगणात मोगऱ्याच्या कळ्यांचे वळेसर गुंफत बसलेली.

मी घायकुतीला आले. "काकी, व्रत काकांचं होतं ना?"

"व्रत तेचा, भाटी माजी. इतकी वर्सा भाटीन सुदीक ता पाळल्यान. माणूस गेलो म्हणान भाटीन इसरूचा?" मग बसमधून उतरणाऱ्यांवर नजर टाकून म्हणाली, "भुकेले आसत दिसता. बसंव तेंका."

तिनं सगळ्यांना अंगणात मांडी घालून बसवलं. उकड्या तांदळाची पेज, मिस्कुटाची, म्हणजे कैरीच्या लोणच्याची, फोड आणि कोवळ्या काजूबियांची भाजी. मुंबईचे दोघे कुरकुरले की आम्ही फेणीसाठी पैसे भरलेत. बाकीच्यांनी पेज दुसऱ्यांदा मागितली. निघताना प्रत्येक बाईच्या केसांत तिनं वळेसर माळला. बसमध्ये मोगऱ्याचा असा घमघमाट सुटला की ड्रायव्हर म्हणाला, आज सगळे न पिताच झिंगलेत. साहेबांनी मात्र मला ऑफिसात उभं करून झाडलं. मी तोवर काकीच्या बाजूची झाले होते असं म्हणायला मला आवडलं असतं. पण झालं उलटंच. नोकरी जाईल या भीतीनं मी ठरवलं, की पुढच्या वेळी गोष्टी काकीवर सोडायच्या नाहीत.

आणि पुढच्या वेळी मी ते पाप केलं.

नव्या हंगामाचा पहिला गट फार लवकर आला होता. बोंडू लालपिवळे दिसत होते, पण पडायला सुरुवात झाली नव्हती. पाहुण्यांना पायांनी बोंडू तुडवायचे होते. कंपनीच्या कागदावर तसा फोटोच होता. बोंडू तुडवायची जागा म्हणजे कोळंबी, उतारावरच्या खडकात खोदलेलं उथळ टाकं. काकी त्या सकाळी पेडण्याला भावाकडे गेली होती आणि दुपारी येणार होती. मी शेजारच्या वाडीतल्या दोघांना बोलावलं, आकडी बांधलेले बांबू दिले आणि तिच्याच झाडांवरचे बोंडू खुडून कोळंबी भरून घेतली. मनाशी म्हटलं, एकदाच. कुणाला कळणार आहे?

पाहुणे कोळंबीत उतरले होते, हसत होते, फोटो काढत होते. काकी उतारावरून आली. कोळंबीच्या कडेला बसली आणि एक बोंडू उचलला. आपण होऊन पडलेल्या बोंडवाची देठाकडची खळी कोरडी, स्वच्छ असते. ह्याची साल तिथं फाटलेली होती आणि वर हिरवा देठ चिकटलेला. तिनं दुसरा उचलला. तिसरा उचलला.

"भायर येवा," ती म्हणाली. भाषांतराची गरजच पडली नाही. तीस माणसं एकामागून एक रसानं माखलेल्या पायांनी बाहेर आली. काकीनं टोपली घेतली आणि तुडवलेला, अर्धा तुडवलेला सगळा माल भरभरून उतारावरून खाली गुरांकडे फेकायला सुरुवात केली. कुणालाही हात लावू दिला नाही. कोळंबी रिकामी व्हायला चांगला अर्धा तास लागला. मग बाल्दीभर पाणी ओतून तिनं खडक धुतला. सगळे बघत उभे होते. मी कुठं बघावं हेच मला कळत नव्हतं.

तिनं कुणी केलं असं विचारलंच नाही. ओलं लुगडं पिळत पाहुण्यांना म्हणाली, "झाडान आजून दिल्यान नाय. दिल्यान की तुमी येवा, मी सोता पाय धुवन तुमका कोळंबीत उतरयतंय." आणि माझ्याकडे न बघता, "बाये, तू उद्या सकाळी ये."

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी गेले तेव्हा तिनं झाडांखालून जमवलेले पहिलेवहिले बोंडू, जेमतेम दोन टोपल्या, माझ्यासमोर ठेवले. "एकेक हातात घे. खळी बघ. वास घे. मगे दुसऱ्या टोपलेत घाल." दुपारपर्यंत मी तेच करत होते. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, मी रडले तेव्हाही नाही. शेवटचा बोंडू ठेवल्यावर म्हणाली, "आता पेज जेव." मार खाल्ला असता तर बरं वाटलं असतं. त्या दिवसानंतर आजतागायत मी कुठल्याच झाडाचं फळ ओढून काढलेलं नाही. पेरूचंसुद्धा नाही. घरात सगळे मला हसतात.

त्या आठवड्यात साहेब स्वतः मुळगावला आले. सोबत करारपत्र होतं. कंपनी तिची सगळी फेणी घेणार, बाटलीवर तिचा फोटो छापणार, आणि बदल्यात भाटी हंगामभर कंपनीच्या वेळापत्रकानं चालणार. जत्रा असो, राखणदाराचा वार असो, बोंडू पडो न पडो. काकीचा मुलगा सुभाष खाणीवर ट्रक चालवायचा. तो शेजारीच उभा होता आणि त्याला करार मनापासून हवा होता. काकीला वाचता यायचं. मुक्तीनंतर माहेरच्या गावात शाळा आली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची घोडी होऊनही ती पाटी घेऊन लहान पोरांत बसली होती. तिनं चष्मा लावून तीन पानं वाचून काढली. मग घडी घालून साहेबांच्या हातात परत दिली.

"ह्येच्यात भाटी माजी खंयच नाय," ती म्हणाली. "फोटो तेवडो माजो."

साहेब तापले. सहलीच्या नकाशातून मुळगावचं नाव काढून टाकू म्हणाले, बस पुन्हा येणार नाही म्हणाले.

"नकाशातसून काडलास म्हणान मुळगाव उठान खंय जातला? पाकल्यांका भिलो नाय माजो बापूस. मी तुमच्या बशीक भितलंय?"

नकाशातून नाव खरंच गेलं. 'काजूची वाट' पुढे दुसऱ्या भाटीला वळली. तिथं स्टीलच्या टाकीला बाहेरून तांब्याचा पत्रा मारला होता आणि टोपलीतले बोंडू आदल्या दिवशी खुडलेले असत. मी दोन वर्षं तिथंही पाहुण्यांना नेलं, 'पडलेलाच बोंडू' असं तोंडानं सांगत राहिले. एक दिवस एका पाहुणीनं बोंडू हातात घेऊन विचारलं, मग याला हा हिरवा देठ कसा? त्या संध्याकाळी मी राजीनामा दिला आणि डिचोलीला एका पतसंस्थेत नोकरी धरली. काकीचं धाडस मला एवढंच जमलं, तेही उशिरा.

मुळगावला जाणं मात्र ठेवलं. दर हंगामात एकदा जायची, बिया पिळायची, पेज जेवायची. काकी म्हातारी होत गेली. एका डोळ्यात पडदा आला, मग दुसऱ्यात. ऑपरेशन हंगामानंतर करू म्हणायची, आणि हंगामानंतर पुढच्या हंगामाची लाकडं जमवायची. करवंटीतले बुडबुडे दिसेनासे झाले तेव्हा ती बाटली हलवून कानाशी धरायला लागली. तरी चुकली नाही.

तिला मी शेवटचं पाहिलं तो मे महिना होता. त्याच पावसाळ्यात ती गेली. खाणी बंद पडून वर्ष होऊन गेलं होतं. सुभाषचा ट्रक ताडपत्रीखाली उभा, त्यावर वेली चढलेल्या. मी पोचले तर अंगणाखालच्या रस्त्यावर एक टेम्पो थांबलेला. कुठल्याशा मोठ्या डिस्टिलरीनं बोंडू गोळा करायला पाठवला होता. आभाळ भरून आलं होतं. पाऊस आला की बोंडवांचा हंगाम संपला. झाडावर अजून बराच माल होता. सुभाषनं कधीतरी माळ्यावर टाकून दिलेले आकडीचे बांबू बाहेर काढले होते.

आणि काकी झाडाखाली बसली होती. बुंध्याला पाठ टेकून, पाय पसरून, मांडीवर रिकामी टोपली. मोठं झाड ते एकच होतं, बाकीची पोरसवदा.

"आई, उठ," सुभाष म्हणत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "गाडी भरान दिली नाय तर ती फुडल्या वर्सा येवची नाय. माका दुसरा काम खंय आसा?"

"येवची नाय तर नाय."

"पाऊस येतलो. सगळा कुसान जातला."

"कुसांदे. झाडाचा आसा ता. झाडान कुसयल्यान तर कुसयल्यान." तिनं हात मागं नेऊन बुंध्यावर ठेवला. "ह्येका आकडी लावची आसात तर आदी माका उखलून भायर ठेव. तुका जमतला. मी आता वजनान कायेक नाय."

सुभाष बांबू धरून उभा राहिला. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. ढग खाली उतरले होते, वारा पडला होता आणि एक पान हलत नव्हतं. मला त्याची दया येत होती. तो काही वाईट मुलगा नव्हता, त्याला फक्त काम हवं होतं. आणि मला हेही दिसत होतं, की त्यानं तिला उचलून बाजूला ठेवलं असतं तर तिनं एका शब्दानं विरोध केला नसता. ती नुसती बसली होती. एवढ्या वर्षांत तिच्याकडे दुसरं कसलंच हत्यार नव्हतं.

टेम्पो चालू झाला, वळला आणि रिकामा गेला. सुभाषनं बांबू गवतात टाकले आणि आईच्या शेजारी जाऊन मातीत बसला. ती त्याच्याकडे वळली नाही. तिनं चाचपडत त्याचा गुडघा शोधला आणि हात तिथंच ठेवला.

मी अंगणातच उभी होते. आल्याचं अजून मी कुणाला सांगितलंही नव्हतं.

थोड्या वेळानं झाडाच्या पलीकडच्या बाजूला, पाचोळ्यात, टप्प असा आवाज झाला. सुभाषला ऐकू आला की नाही कोण जाणे. काकीची मान मात्र जराशी वर झाली.

"कारापूरच्या बाये," ती म्हणाली, "इल्लंस तर हात रिकामे कशाक? झाडान दिल्यान. उखल तो."

मी गेले आणि उचलला. खळी कोरडी होती.